खारफुटीची श्वसनमुळे

दलदलीत वाढणाऱ्या काही झाडांची, चिखलातून सरळ वर येणारी मुळे. जमिनीखालच्या मुळांना हवा पुरवणे हे त्यांचे काम. महाराष्ट्र-गोव्याच्या खाड्यांत तिवर आणि चिप्पी या झाडांभोवती ती हमखास दिसतात.

श्वास मुळांनाही लागतो. साध्या मातीत कणांमधल्या फटींतून त्यांना हवा मिळते. खाडीच्या चिखलात या फटी पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. जो थोडा झिरपतो तो जिवाणूच संपवतात. ओहोटीला चिखलात पाय रुतला, की वरचा तपकिरी थर फाटून खालचा काळा गाळ दिसतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्या गाळात ऑक्सिजन उरलेला नाही, याची ती खूण.

तिवराची मुळे अशा गाळात उथळ, आडवी पसरतात आणि त्यांच्यावर ओळीने पेन्सिलीएवढे कोंब उभे राहतात. हीच श्वसनमुळे. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला दहा हजारांहून अधिक कोंब असू शकतात! चिप्पीचे कोंब जाड, शंकूसारखे. (पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.) कोंबाची साल जवळून पाहिली तर तीळ चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. ती वल्करंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सालीतली छिद्रे. आतला गाभा भेंडासारखा पोकळ्यांनी भरलेला असतो, त्यामुळे रंध्रांतून शिरलेली हवा खालच्या मुळांपर्यंत पोचते.

भरतीत रंध्रे बुडतात, पण पाणी आत शिरत नाही. मुळे आतल्या ऑक्सिजनवर गुजराण करतात. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो, त्यामुळे ऑक्सिजनची जागा भरून निघत नाही आणि आतला दाब घटतो. पाणी उतरून रंध्रे उघडी पडली, की बाहेरची हवा आत ओढली जाते. शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. कांदळ या खारफुटीच्या जातकुळीतल्या झाडाच्या आधारमुळांवरची (खोडातून कमानीसारखी चिखलात उतरणाऱ्या मुळांवरची) रंध्रे त्यांनी ग्रीसने बुजवली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्याने घसरला.

म्हणूनच खारफुटी मारायला कुऱ्हाड लागत नाही. खाडीच्या तोंडाशी भराव पडला आणि पाणी उतरेनासे झाले, तर कोंब कायमचे बुडतात आणि झाडे उभ्याउभ्या वाळतात. राडारोड्याखाली कोंब गाडले गेले तरी तेच. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल खारफुटीत शिरले होते. तेलाचा असा थर रंध्रे बुजवतो. तोड निदान लगेच डोळ्यांत भरते, हे गुदमरणे पाने गळेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा जागी पुन्हा लागवड करायची, तर आधी भराव काढून भरतीचे पाणी आत-बाहेर वाहते करावे लागते. त्याआधी लावलेली रोपेही त्याच कारणाने मरतात.