पार्श्वभूमी : मनोरुग्णालयातलं काम आणि खानदेशातलं घर

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशाच्या वाट्याला एकही आलं नाही. चोपड्याचा किंवा शहाद्याचा माणूस भरती व्हायचा तो तीन-चारशे किलोमीटरवर, आणि नातेवाईक भेटीला येणार ते कापूस विकून हातात पैसे आल्यावर.

रुग्णांना कामाला लावायची पद्धत इंग्रजांच्या काळातली. व्यवसायोपचार म्हणजे रोजची कामं करवून, शिकवून रुग्णाला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करायचा उपचार. त्याचं रीतसर शिक्षण मुंबईत 1950 मध्ये सुरू झालं. पुढे हातमाग, मेणबत्त्या, पाकिटं, बागकाम हे ठरून गेलं. रावेर-यावलच्या माणसाला केळीची पिलं काढता येतात का, एसटीने एकटं बाजाराला जाऊन हिशेबाने परत येता येतं का, हे रुग्णालयाच्या कामाच्या शेडमध्ये कळणार कसं?

खरा वाद मोबदल्याचा. वॉर्ड झाडणं, स्वयंपाकघरात मदत करणं हा उपचार की फुकटची मजुरी? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलम 20 मध्ये हे मिटवलं: कामाची सक्ती नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला. कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. यावरचे आक्षेप ठरलेले. शिकण्याच्या कामाला मजुरी कशी द्यायची, द्यायची तर कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या सदरातून? यात दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे, उपचाराचा नाही. पहिल्यात मात्र तथ्य आहे, कारण स्वतःचा चहा करायला शिकणं आणि पन्नास जणांची भांडी घासणं यांतली रेघ कलमात आखलेली नाही. ती उपचार करणाऱ्यानेच आखायची. रोज तेच काम, तेही संस्थेच्या सोयीचं, आणि रुग्णाच्या घरी त्याचा उपयोग शून्य, असं असेल तर त्याला उपचार म्हणू नये.

त्याच कायद्याचं कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देतं. नेण्यासारखं घर नाही म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. तरी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावं लागलं, की बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. भाऊबंदकीत सातबारावरचं नाव अडचणीचं झालेल्यांना घर किती उघडं असतं, हे खानदेशात वेगळं सांगायला नको.

मानसिक आजाराचं अपंगत्व मोजताना स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार गोष्टी पाहतात. चारही व्यवसायोपचाराच्याच. पण 2017 च्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते आहेत, व्यवसायोपचार तज्ज्ञाचं नाव नाही. 1996 पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ठरीव पथकातही ते पद नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने या पेशाला मान्यता दिली, पण पथकातलं पद त्याने आपोआप निर्माण होत नाही. त्यामुळे ठाण्याहून घरी परतलेल्याला जिल्हा रुग्णालयात महिन्याच्या गोळ्या मिळतात. त्याच्यासोबत बाजारापर्यंत, बँकेपर्यंत, रोजगार हमीच्या कामापर्यंत चालायचं काम घरच्यांवर येतं, नाहीतर कोणावरच नाही.