खासगी बँकांची क्रमवारी: मोजपट्टीचीच परीक्षा

एका खासगी बँकेने भागधारकांच्या भांडवलावर वर्षभरात १६ टक्के परतावा मिळवला आणि दुसरीने १० टक्के, एवढेच कळले तर पहिली बँक सरस वाटते. आता दोघींचे ताळेबंद उघडून पाहू. दोघींची मालमत्ता (मुख्यतः दिलेली कर्जे आणि केलेली गुंतवणूक) प्रत्येकी १०० धरली, तर दुसरीचे स्वतःचे भांडवल १० आणि नफा १ आहे. पहिलीचे भांडवल मात्र केवळ ५ आणि नफा ०.८ आहे. म्हणजे मालमत्तेवरील परताव्यात पहिली बँक मागेच आहे. तिचा भांडवलावरील परतावा मोठा दिसतो तो भाजक लहान असल्यामुळे, आणि नेमक्या त्याच कारणाने मालमत्तेचे मूल्य ५ टक्क्यांनी घसरताच तिचे सारे भांडवल पुसले जाते.

थकीत कर्जांचे प्रमाणही असेच फसवे ठरू शकते. १०० कर्जांपैकी ४ थकलेली असताना बँकेने वर्षभरात कर्जवाटप दुप्पट केले, तर हे प्रमाण आपोआप २ टक्क्यांवर येते, कारण नवी कर्जे थकायला अजून अवधी असतो. वसुली तसूभरही सुधारलेली नसते.

एकाच गुणोत्तरावर विसंबणे धोक्याचे असल्याने अमेरिकेतील नियामकांनी १९७९ मध्ये भांडवल पर्याप्तता, मालमत्तेची गुणवत्ता, व्यवस्थापन, उत्पन्न आणि रोखता या पाच घटकांची चौकट स्वीकारली. बाजारातील जोखमीबाबतची संवेदनशीलता हा सहावा घटक १९९६ मध्ये जोडला गेला आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून ही चौकट ‘कॅमल्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या सहाव्या घटकाचे मोल मार्च २०२३ मध्ये दिसले. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचा पैसा मोठ्या प्रमाणावर दीर्घ मुदतीच्या रोख्यांत होता. व्याजदर वाढले तशा त्यांच्या किमती पडल्या, पण मुदतपूर्तीपर्यंत बाळगायचे म्हणून नोंदवलेल्या रोख्यांवरील तोटा नफ्याच्या आकड्यात उतरला नव्हता. या तोट्याच्या धास्तीने ९ मार्चला एका दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी काढल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

घटक अनेक झाले की कोणाला किती वजन द्यायचे, हा खरा अवघड प्रश्न उभा राहतो. तज्ज्ञांना विचारावे तर मतभेद होतात, म्हणून अनेक संशोधक अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या एंट्रॉपीच्या, म्हणजे माहितीतील अनिश्चितता मोजण्याच्या, कल्पनेचा आधार घेतात: ज्या निर्देशकात बँकाबँकांमधील तफावत जास्त, त्याला वजन जास्त. ही रीत वस्तुनिष्ठ म्हणवली जाते, पण मला ते विशेषण उदार वाटते. नियामकाच्या अटीमुळे सर्व बँकांचे भांडवल प्रमाण जवळपास सारखे असेल, तर या गणितात भांडवलाचे वजन शून्याच्या आसपास जाते. आणि संकटात बँकेला तारते ते भांडवलच.

वजने ठरल्यावर बरेचदा ‘टॉप्सिस’ ही १९८१ मधील पद्धत वापरली जाते. प्रत्येक निर्देशकातील सर्वोत्तम मूल्ये एकत्र करून एक काल्पनिक आदर्श बँक आणि सर्वांत वाईट मूल्यांची दुसरी काल्पनिक बँक तयार करतात. जी खरी बँक पहिलीच्या जवळ आणि दुसरीपासून दूर, ती वरच्या क्रमांकावर. कल्पना देखणी आहे, पण दोन्ही टोके यादीतील बँकांवरूनच ठरतात. त्यामुळे यादीत एखादी अगदी दुबळी बँक नव्याने घातली, तर आधीच्या दोन बँकांचा आपापसातला क्रम उलटू शकतो, जरी त्यांच्या ताळेबंदातील एकही आकडा बदललेला नसला तरी.

यावर उपाय म्हणून काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत वजने थोडीथोडी हलवून गणित पुनःपुन्हा केले जाते. प्रत्येक वेळी वरच राहणारी बँक आणि तळ न सोडणारी बँक यांच्याविषयी ठामपणे बोलता येते. मधल्या बँका मात्र प्रत्येक फेरीत जागा बदलत असतील, तर सहावी आणि नववी यांत फरक करण्यापेक्षा त्यांना एकाच गटात दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते.