आक्षीचा दगड: शिवेचा की दानाचा?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की नागावच्या अलीकडे आक्षी लागतं. या गावाचं नाव मराठीच्या इतिहासात गेलं ते एका दगडामुळे; त्यावरचा लेख पहिला मराठी लेख मानला जातो, आणि तो दगड कित्येक वर्षं रस्त्याकडेला होता. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरात त्याची नोंद आहे: देवीच्या देवळापासून पंचवीसेक पावलांवर, सव्वाचार फूट लांब, फूटभर रुंद; वर चंद्र-सूर्य, मध्ये नऊ ओळी, खाली गधेगाळ, म्हणजे गाढव आणि बाई यांचं कोरलेलं चित्र.

हा गधेगाळ शब्दच सगळ्या घोळाचं मूळ. असा दगड दिसला की त्याला सर्रास 'हद्दीचा दगड' म्हणतात. त्याला कारण आहे. राजानं जमीन दान दिली की तिची चतुःसीमा ठरायची आणि असे दगड पुष्कळदा शिवेवर रोवले जायचे. पण गाळ म्हणजे शिवी. चंद्र-सूर्य असेतोवर दान चालावं आणि जो मोडील त्याच्या आईवर शिवी पडावी, हा त्या चित्राचा अर्थ. परळच्या 1187 च्या लेखात तर ती शिवी अक्षरांतच कोरली आहे. म्हणजे दगड शिवेवर असो वा देवळासमोर, त्याचं काम दानाला धाक देण्याचं. आक्षीच्या लेखात शिवेचा उल्लेखच नाही. त्यात आहे ते महालक्ष्मीच्या बोडणासाठी द्यायचं नऊ कुवली (कुवली हे धान्याचं जुनं माप) धान्य. परातीत दही-दूध कालवून देवीचं बोडण कोकणातल्या घरांत अजून भरतात. अशा दगडाला नुसता हद्दीचा म्हटलं की त्यातली देवीही जाते आणि धान्यही, म्हणून मला ते नाव खटकतं.

दुसरा वाद सालाचा. मान्य वाचन शके 934, म्हणजे इ. स. 1012. काही अभ्यासक मात्र आकडे शके 1132 असे वाचतात, म्हणजे लेख जवळजवळ दोनशे वर्षांनी अलीकडे येतो. लेखातला 'कोंकणचक्रवर्ती' केसिदेव कोणता, यावरही हे अवलंबून आहे. एक केसिदेव म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी, त्याचा ठाण्याचा ताम्रपट शके 939 चा. दुसरा तेराव्या शतकातला. अक्षरं झिजलेली असल्यानं दोन्ही बाजूंना वाव राहतो. माझा कल शके 934 कडे आहे. लेखातलं संवत्सर 'प्रधावी' म्हणजे परिधावी असं वाचलं जातं, आणि शके 934 ला परिधावीच येतं.

पूर्वी शाळेत पहिला मराठी लेख म्हणून श्रवणबेळगोळचं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' सांगत. सोलापूरजवळ हत्तरसंग कुडलला शके 940 चा, म्हणजे 1018 चा लेख सापडल्यावर आक्षीच्या सालाला आणखी महत्त्व आलं. 934 खरं असेल तर आक्षी सहा वर्षांनी आधी. 1132 खरं असेल तर मान कुडलकडे जातो. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या सगळ्या चर्चेत आक्षीचं नाव पुन्हा पुन्हा आलं, पण बहुतेक ठिकाणी 1012 हा आकडा एकटाच छापला गेला. त्याच्या शेजारी दुसरं वाचन आणि नऊ कुवली धान्य, दोन्ही यायला हवं होतं.