एन१६० घ्यायची का एनएस१६०? आधी आरपीएमचा आकडा वाचा

‘एकशे साठची पल्सर घेतोय’ असं बजाजच्या शोरूमला निघालेलं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठली? त्यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘एन नाहीतर एनएस, काय फरक पडतोय ओ, एकाच कंपनीच्या तर हाईत.’ गॅरेजवर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच ऐकतोय. एखादा जाणकार भेटलाच तर तो त्याच्या पुढचं सांगतो, ‘एनएस म्हणजे एनचं टॉप मॉडेल. पैसे असतील तर एनएस, नसतील तर एन.’ हे तर त्याहून चूक. दोन्ही गाड्यांची इंजिनं वेगळी, चेसिस वेगळी आणि स्वभावही वेगळा. एकीवर पैसे वाढवले म्हणून दुसरी होत नाही.

एनएसबद्दल फार सांगायला नको. २०१७ पासून ती कोल्हापुरात फिरतेय, प्रत्येक गल्लीत एक तरी आहेच. २०२० साली बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, २०२३ मध्ये पुढं उलटे फोर्क (पुढच्या चाकाचे उलटे बसवलेले शॉकअप) आणि ड्युएल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. एन१६० आली जून २०२२ मध्ये, आणि एन२५० च्या घराण्यातली म्हणून आली. एनएसशी तिचं नातं फक्त टाकीवरच्या नावापुरतं.

जे सारखं आहे ते एका दमात सांगतो. दोन्हींना पाच गिअर. दोन्हींचे टायर पुढं १००/८०, मागं १३०/७०, सतरा इंची. ड्युएल चॅनलवाल्या एनच्या ब्रेकच्या डिस्कही एनएससारख्याच, पुढं ३००, मागं २३० मिलिमीटर. वजन दोन्हींचं दीडशे किलोच्या जरा वर. आणि दोन्ही ऑइल कूल्ड आहेत, म्हणजे इंजिन थंड ठेवायला ऑइल, रेडिएटरमधलं पाणी नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘एनएसला रेडिएटर असतोय’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. रेडिएटर आहे तो एनएस२०० ला, आणि ती तिसरीच गाडी आहे. एनएस१६० ला कूलंट विचारत बसू नका.

आता खरी गोम. ब्रोशर उघडलं की माणूस दोन आकडे बघतो. एनएसची पॉवर १७.२ पीएस, एनची १६. एनएसचा टॉर्क १४.६ एनएम (न्यूटन-मीटर, गाडीच्या नावाशी संबंध नाही), एनचा १४.६५. पॉवर एनएसची जास्त, टॉर्क सारखाच, म्हणजे एनएस सरस. हिशोब संपला, बुकिंग झालं. पण त्याच ओळीत पुढं बारक्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. एनएसची १७.२ पीएस मिळते ९,००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्या मारतं तेव्हा, आणि टॉर्क ७,२५० ला. एनची १६ पीएस ८,७५० ला आणि टॉर्क ६,७५० ला.

पॉवर ही टॉर्कपेक्षा निराळी काही वस्तू नाही. टॉर्क म्हणजे क्रँकला, इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याला, मिळणारा पीळ. तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांत लावला, त्यावरून पॉवर निघते. एनएममधल्या टॉर्कला आरपीएमनं गुणा आणि ७,०२४ नं भागा, पीएस येते. मोबाइलवर करून बघा. एनएसची पॉवर उलटी फिरवली तर ९,००० ला तिचा टॉर्क भरतो साधारण १३.४ एनएम. एनचा ८,७५० ला भरतो १२.८. म्हणजे एनएसची सगळी वरचढ बाजू इथं आहे. इंजिन किंचाळायला लागल्यावरही ती टॉर्क पडू देत नाही. पॉवरमधला तो सव्वा पीएसचा फरक असा वरच्या मजल्यावर राहतो.

आता सकाळी नऊला कोल्हापुरात पापाची तिकटीवरून बिंदू चौक, उमा टॉकीज आणि मग सायबर चौकाकडं निघा. तिथं गाडी किती आरपीएमला असते? तीन हजार, चार हजार, फार झालं तर पाच. समजा ४,००० ला इंजिननं १२ एनएम टॉर्क दिला, तर तुमच्या हातात असते सात पीएसच्याही आत. सतराही नाही, सोळाही नाही. ज्या आकड्यावर भांडून गाडी घेतली तो आकडा शहरात दिवसभरात एकदाही भेटत नाही. मग विचारायचा प्रश्न असा, की चार हजाराला कोण जास्त पीळ देतं? ते ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. तिथं फक्त शिखर छापतात, शिखराच्या खालचा चढ कसा आहे ते गाडी चालवल्यावरच कळतं.

त्या चढाचं कारण व्हॉल्व्हमध्ये आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांत. एनएसच्या इंजिनला चार व्हॉल्व्ह, एनच्या इंजिनला दोन. ‘चार म्हणजे दोनापेक्षा भारीच की’ हे आपल्याकडचं आवडतं गणित. ९,००० आरपीएमला सिलिंडरला सेकंदाला पंचाहत्तर वेळा श्वास घ्यायचा असतो, एका श्वासाला सेकंदाचा तीनशेवा भाग मिळतो. एवढ्या घाईत हवा आत घ्यायची तर दारं मोठी लागतात. तिथं चार व्हॉल्व्ह कामाला येतात. पण तीन-चार हजाराला श्वासाला वेळ भरपूर असतो, आणि मोठ्या दारातून हवा रमतगमत आत येते. तिला वेग नसतो, आत नीट घुसळण होत नाही, सिलिंडर पुरता भरत नाही. दोन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेनं तीच हवा जोरात आत शिरते. त्यात एनचं इंजिन १६४.८२ सीसी आणि एनएसचं १६०.३. साडेचार सीसी काही फार नाहीत, पण जे आहेत ते खालच्या आरपीएमला उपयोगी पडतात. म्हणून एन खालून ओढते आणि एनएस वरून पळते. आपल्याकडं ‘पिकअप’ हा एकच शब्द दोन्हींना वापरतात आणि सगळा घोळ तिथंच होतो.

हे रस्त्यावर कसं दिसतं ते बघा. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की फुलेवाडीच्या पुढं बालिंग्याच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुमच्या पुढं असणारच. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर (या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर न लावणाऱ्यांबद्दल जे म्हणायचंय ते इथं लिहिता येत नाही). तुम्ही चौथ्या गिअरला, ताशी चाळीसच्या आसपास. समोरून रस्ता मोकळा दिसतो, पण थोडाच वेळ. एनवर आहे त्या गिअरला मूठ पिळली तरी गाडी निघते. एनएसवर तसंच केलं तर ती आधी विचार करते आणि मग निघते. तिला एक गिअर पाडून, सहा हजाराच्या वर नेऊन मगच पिळावं लागतं. तसं केलं तर एनएस एनच्या पुढं जाईल, यात वाद नाही. पण रोज कामावरून दमून येताना, मागं बायको आणि मांडीवर भाजीची पिशवी असताना, प्रत्येक ट्रॅक्टरला गिअर पाडायची तुमची तयारी आहे का? ज्याची आहे त्यानं खुशाल एनएस घ्यावी. ज्याची नाही तो गिअर न पाडता टॉपमध्येच गाडी कुंथवतो, इंजिन खडखडतं, आणि मग ‘एनएसला दम नाही’ म्हणून सांगत सुटतो. दम आहे की. तुम्ही तो ठेवलाय तिथं जातच नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एनचा एजंट आहे. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरून परत चढायचा असेल, किंवा रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या वळणांवर जायचं असेल, तर एनएसची मजा एनला नाही. घाटात तसंही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिन वर ठेवूनच चालवतात, आणि तिथं तिचे चार व्हॉल्व्ह आणि पेरिमीटर फ्रेम पैसे वसूल करून देतात. वळणात ती रुळावरून गेल्यासारखी जाते. पण महिन्यातले चार रविवार आणि बाकीचे सगळे दिवस यांचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

बाकीचे फरक चिल्लर आहेत. सीट एनची ७९५ मिलिमीटर, एनएसची ८०५. पाच फूट चार इंचाच्या माणसाला तो एक सेंटीमीटर जाणवतो, उंच माणसाला नाही. टाकी एनची १४ लिटर, एनएसची १२. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला रोज जाणाऱ्याला अधूनमधून पंपावरची एखादी रांग वाचेल, एवढंच. उलटे फोर्क आता एनच्या वरच्या मॉडेललाही मिळतात, त्यामुळं त्यासाठी एनएस घ्यायचं कारण उरलं नाही. एबीएस मात्र ड्युएल चॅनलच घ्या. जुलैतला रंकाळ्याकडचा ओला रस्ता आणि त्यावर ट्रकनं सांडलेलं डिझेल बघितलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. मागच्या ब्रेकचे चार पैसे वाचवून मोबाइलचं स्टँड आणि निळे एलईडी लावणाऱ्यांपुढं मी हात जोडतो.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळं मित्रानं त्याआधी घेतलेल्या गाडीचं कोटेशन घेऊन शोरूममध्ये भांडू नका, आजचं ऑन-रोड लेखी मागा. एनएस थोडी महाग पडते, पण तेवढ्यासाठी निवड बदलावी इतकी नाही. सेकंडहँड एनएस बघत असाल तर २०२० च्या आधीची कार्ब्युरेटरवाली आणि नंतरची यात गल्लत करू नका. जुनीची पॉवर १५.५ पीएस आणि टायरही आत्तापेक्षा बारीक. विकणारा १७.२ चं ब्रोशर दाखवेल, तुम्ही आरसी बुक बघा.

माझं मत विचाराल तर शहरात रोज वापरायला एन. वीस-बावीसचं पोरगं असेल, एकटंच फिरणार असेल आणि गिअर बदलायचा कंटाळा नसेल, तर एनएस. ‘दिसायला कुठली स्पोर्टी’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

टेस्ट राइडला गेलात की शोरूमचा पोरगा तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि म्हणेल, ‘पिळा की बिनधास्त.’ त्या एका फेरीत एनएस जिंकणारच, कारण ती शर्यत तिच्याच मैदानावर आहे. ते करा, मजा घ्या, पण त्यानंतर त्यालाच मागं बसवा. गाडी तिसऱ्या गिअरला ताशी तीसवर आणा आणि क्लच न धरता मूठ अर्धी पिळा. मग लगेच दुसऱ्या गाडीवर तेच करा. चढ मिळाला तर आणखी चांगलं. दोनदा-तीनदा करा, पोरगा कंटाळला तरी चालेल. आणि हेल्मेट स्वतःचं न्या, तिथलं सगळ्यांच्या डोक्यावरून फिरून आलेलं असतं.