डॉक्टर सोलापुरात का साचले?

सोलापूर जिल्ह्यातले करमाळा असो वा सांगोला, गुंतागुंतीची केस आली की हातात रेफर चिठ्ठी पडते आणि तोंडी सांगितले जाते, ‘सिव्हिलला न्या’, म्हणजे सोलापूर शहरातल्या सरकारी रुग्णालयात. याची सुरुवात फार मागे झाली.

देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सांगणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. त्याच अहवालाने डॉक्टरकीचा कमी मुदतीचा एलएमपी हा परवाना अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवा, असेही सांगितले. काही सदस्यांचा याला विरोध होता, आणि तो रास्त होता. छोट्या गावात दवाखाना थाटणारा डॉक्टर त्यानंतर आटत गेला.

१९५२ पासून केंद्रे उभी राहू लागली. १९६३ मध्ये सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय आले. शिकवणारे तज्ज्ञ, यंत्रसामग्री, रक्तपेढी सगळे एका जागी; साहजिकच खासगी रुग्णालयेही शहरातच वाढली. (जिल्ह्यातलेच बार्शी याला ठळक अपवाद. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली.) पुढे निकष ठरले: सपाटीवर ५,००० लोकांना उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक केंद्र. हिशेब डोक्यांचा झाला, अंतराचा नाही. हा जिल्हा मात्र ११ तालुक्यांचा आणि जवळपास १५,००० चौरस किलोमीटरचा.

खरी अडचण कळते ती सिझेरियनच्या वेळी. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि साठवलेले रक्त, सगळे एकाच वेळी लागते. भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असेल तर थिएटर सज्ज असूनही कुलूपबंद राहते आणि स्त्रीरोगतज्ज्ञही तिथे टिकत नाही. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. २०१४ पासून १०८ ची गाडी मिळते, पण वाटेत शस्त्रक्रिया होत नाही.

एमबीबीएसनंतरच्या एका वर्षाच्या बंधपत्रित, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेने ही उणीव भरत नाही. भूलतज्ज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि नवा डॉक्टर त्याच्याच प्रवेशपरीक्षेच्या तयारीत असतो. गाव ओळखीचे होईपर्यंत त्याचे वर्ष संपते.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होते. गरिबाची शस्त्रक्रिया मोफत झाली, हे मोठेच काम. पण योजनेचा पैसा शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच जातो, म्हणजे बहुतेक शहरात. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि बाहेरचे जेवण आजही घरच्यांनाच सोसावे लागते.