मीटरच खोटं बोलत असेल तर? प्रोसेसरच्या काउंटरमधले बग

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कुठे अडकतोय हे बघायचं झालं की लोक पहिल्यांदा पर्फ नावाचं मोजमापाचं टूल लावतात. पण पर्फ स्वतः फारसं मोजत नाही बरं का, मोजतो तो प्रोसेसरच. त्याच्या आत मोजके काउंटर असतात, किती सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) गेल्या, किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीत, किती वेळा डेटा सापडला नाही वगैरे, आणि पर्फ ते आकडे वाचून आपल्यासमोर मांडतो. लाईटच्या मीटरसारखंच की. फक्त हे मीटर चिपमध्येच कोरलेलं, बिघडलं तर काढून दुसरं बसवता येत नाही.

इंटेलच्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल या प्रोसेसरांमध्ये असाच एक मजेशीर घोळ आहे. हायपरथ्रेडिंग चालू असलं की एका कोअरवर दोन थ्रेड राहतात, प्रत्येकाचे आपापले ४ काउंटर. आता एका थ्रेडने मेमरीचे काही ठराविक इव्हेंट (मोजायच्या घटना) समजा २ नंबरच्या काउंटरवर लावले, तर ती मोजणी शेजारच्या थ्रेडच्या २ नंबरमध्ये गळते! शेजारी बिचारा भलतंच काहीतरी मोजत असतो, साध्या सायकल म्हणा, आणि गिझर यांनी लावला, युनिट त्याच्या बिलात. वजा करून टाकू म्हणावं तर त्यातलं आपलं किती आणि गळून आलेलं किती हे वेगळं काढणार कसं?

म्हणून २०१५ मध्ये लिनक्स ४.१ मध्ये वेगळीच युक्ती आली. आकडा दुरुस्त करायच्या भानगडीतच पडायचं नाही, हा गळका इव्हेंट एका थ्रेडने लावला की शेजाऱ्याचा त्याच नंबरचा काउंटर रिकामा ठेवायचा, बस. पण मग एकानेच सगळे काउंटर अडवून ठेवले तर दुसऱ्याने काय करायचं, म्हणून असे काउंटर निम्म्यापेक्षा जास्त कुणाला घेता येत नाहीत. मला हा उपाय जाम आवडतो, पण फुकट नाही, काउंटर कमी पडले की पर्फ इव्हेंटना आळीपाळीने बसवतो आणि मधल्या वेळाचा आकडा अंदाजाने भरतो. आकड्यापुढे कंसात टक्के दिसले ना, की समजायचं तो इव्हेंट तेवढाच वेळ खरा मोजला गेलाय.

हॅसवेलनंतरच्या ब्रॉडवेलची तऱ्हा वेगळी. तिथे इन्स्ट्रक्शन मोजताना सॅम्पलमधलं अंतर, म्हणजे किती इन्स्ट्रक्शननंतर एक नोंद घ्यायची तो आकडा, ६४ च्या पटीत लागतं आणि फार लहानही चालत नाही, म्हणून कर्नल १२८ च्या खाली जातच नाही. तुम्ही १००० मागा, तो गुपचूप ९६० लावतो, उरलेला हिशोब पुढच्या फेरीत ओढतो, त्यामुळे सरासरी बरोबर येते. वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांसारखं.

त्याआधीच्या नेहालेममध्ये तर काउंटर लावताना तीन ठराविक इव्हेंट त्यात घालून काढावे लागतात, मंत्र म्हटल्यासारखे. कंपनीचं म्हणणं हे तिन्ही काहीच मोजत नाहीत, पण कर्नलच्या कोडमध्ये कॉमेंट आहे की प्रत्यक्षात त्यातले काही मोजतातच, म्हणून तिथे तीनाऐवजी चार घालतात.

तुमच्याकडे हॅसवेल किंवा त्याआधीच्या त्या दोनपैकी एखादं जुनं मशीन असेल तर डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी दाखवणारी कमांड) उघडून पीएमयू इरेटम, म्हणजे या काउंटरांच्या चुकीची नोंद, शोधा, बीजे१२२, बीव्ही९८, एचएसडी२९ अशी ओळ दिसेल आणि हायपरथ्रेडिंग चालू आहे की बंद तेही तिथेच लिहिलेलं असतं. बंद असेल तर शेजारीच नाही, त्यामुळे गळती पण नाही, कर्नल ही सगळी कसरत सोडून देतो.