इंट्रोव्हर्टची लाळ आणि लिंबाचे चार थेंब

फोन घ्यायचा कंटाळा आला की हल्ली कुणीही सांगतं, "मी इंट्रोव्हर्ट आहे ना!" चारचौघांत ज्याचं त-त-प-प होतं त्यालाही तोच शिक्का. मराठीत या मंडळींसाठी वेगवेगळे शब्द आहेत: मितभाषी, भिडस्त, घुमा, माणूसघाणा. 'आतल्या गाठीचा' त्याहून निराळा, तो मनातलं मुद्दाम दडवतो. इंट्रोव्हर्ट यांपैकी कुणीही असू शकतो, किंवा कुणीही नसू शकतो. भिडस्ताला गप्पांत सामील व्हायचं असतं, पण भीती वाटते. इंट्रोव्हर्ट मजेत गप्पा मारतो. फक्त त्याचं पोट लवकर भरतं.

लॅटिनमध्ये 'इंट्रो' म्हणजे आत, 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ च्या ग्रंथातून हा शब्द रूढ केला. आपला 'अंतर्मुख' त्याच घडणीचा.

पण मला खरी भुरळ घातली ती लिंबाने. १९६०च्या दशकात कॉर्कोरन या मानसशास्त्रज्ञाने एक गंमतशीर प्रयोग मांडला. दोन्ही टोकांना कापूस असलेल्या काडीला मधोमध दोरा बांधायचा, काडी आडवी तरंगली पाहिजे. एक टोक जिभेवर धरायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून, तेवढाच वेळ दुसरं टोक धरायचं. आता काडी दोऱ्याने उचला. बहिर्मुखाची साधारण आडवीच राहते, अंतर्मुखाची लिंबाच्या बाजूला कलते. लाळ जास्त सुटलेली असते!

मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकचं स्पष्टीकरण असं: मेंदूच्या देठात चेतापेशींचं एक जाळं असतं. इंद्रियांकडून संदेश आले की ते वरच्या मेंदूला जागं करतं. अंतर्मुखांमध्ये ते चटकन पेटतं, म्हणून थोडा आवाजही पुरतो. अंतर्मुखांचा मेंदू विश्रांतीतही जास्त जागा असतो, हा त्याचा दावा पुढे नीट टिकला नाही. फरक दिसतो तो मुख्यतः उद्दीपनाला, म्हणजे आवाज, चव अशा बाहेरच्या चेतवण्याला, मिळणाऱ्या प्रतिसादात. आणि तोही सरासरीचा, त्यामुळे एका काडीवरून कुणाचा स्वभाव ठरवू नका. रास पाहून तर मुळीच नको.

१९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रसेल गीनने लोकांना शिकण्याचं काम दिलं आणि गोंगाट किती हवा ते त्यांनाच निवडू दिलं. अंतर्मुखांनी बटण खाली ठेवलं, बहिर्मुखांनी वर. आपापल्या पातळीवर दोघांचं काम सारखंच झालं. बहिर्मुखांचा गोंगाट अंतर्मुखांच्या कानी घातला, तेव्हा मात्र अंतर्मुखांचं काम ढासळलं.